जुळतं म्हणून द्यायचंच का?

माझ्या रक्तपेशींवर एक साखर नाही. फ्युकोज तिचं नाव. ती नसल्यामुळे मला काहीही होत नाही. मी जेवतो, झोपतो, सिंहगड चढतो, रात्री उशिरापर्यंत कोड लिहितो. पंचविसाव्या वर्षापर्यंत मला ही गोष्ट माहीतही नव्हती. शाळेच्या ओळखपत्रापासून ऑफिसच्या कार्डापर्यंत सगळीकडे माझा रक्तगट 'ओ पॉझिटिव्ह' असाच छापलेला होता.

मग ऑफिसमधल्या एका रक्तदान शिबिरानंतर चार दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. "सर, पुन्हा एकदा येऊन सॅम्पल द्याल का? घाबरण्यासारखं काही नाही." असं म्हटलं की माणूस घाबरतोच. मी गेलो. तिथल्या टेक्निशियन मॅडमनी एक काचपट्टी उजेडात धरून दाखवली. "तुमच्या रक्तातला पाण्यासारखा भाग वेगळा काढला आणि त्यात ओ गटाच्या पेशी टाकल्या. तुम्ही ओ असाल तर काहीच व्हायला नको. पण बघा." पट्टीवर लाल कण एकमेकांना चिकटून रवाळ झाले होते. मी ओ गटाचा, आणि माझं रक्त ओ गटालाच परकं मानत होतं.

"तुमचा बॉम्बे ग्रुप आहे," मॅडम म्हणाल्या. आणि लगेच, जणू पुढचं वाक्य हेच असतं अशा सुरात, "तुमचा नंबर आमच्या यादीत घालू ना?"

मी हो म्हणालो. तेव्हापासून एक प्रश्न माझ्यामागे लागला आहे. एखाद्याला जगायला जे हवं ते माझ्याकडेच असेल, तर ते द्यायला मी बांधील आहे का? प्रश्न नीट कळायला आधी ती साखर समजून घ्यावी लागेल.

*

शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात पेशी गुळगुळीत असते. प्रत्यक्षात तिच्या पृष्ठभागावर प्रथिनांचं आणि साखरेच्या साखळ्यांचं रान माजलेलं असतं. बाहेरच्या जगाशी पेशीचा बराचसा व्यवहार याच रानात चालतो. जेवणानंतर रक्तात आलेलं इन्सुलिन पेशीच्या बाहेरच एका प्रथिनाला चिकटतं, आणि तेवढ्यावर आत निरोप पोचतो की साखर आत घ्या. कोरोनाचा विषाणू एसीई-2 नावाच्या प्रथिनाला चिकटल्यावरच आमच्या फुप्फुसांत शिरत होता. कुणी कुठे चिकटायचं हे आकारावर आणि विद्युतभारावर ठरतं. खळग्यात उंचवटा बसला, अधिकाजवळ उणं आलं, की दोन रेणू एकमेकांना धरतात. ही पकड बहुतेक वेळा कच्ची असते. धरतात, सोडतात, पुन्हा धरतात.

रक्तगट हीसुद्धा याच रानातली गोष्ट. 1900 च्या सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनरने वेगवेगळ्या माणसांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं आणि काही जोड्यांत गुठळ्या होतात हे नोंदवलं. पुढे कारण कळलं. तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला फ्युकोज जोडली गेली की तयार होतो 'एच'. त्या एचवर आणखी एक विशिष्ट साखर बसली की 'ए'. तिच्याऐवजी जराशी वेगळी दुसरी बसली की 'बी'. काहीच बसलं नाही, नुसता एच राहिला, तर 'ओ'. ज्या फरकावरून माणसाचा जीव जातो किंवा वाचतो, तो फरक एका साखरेचा आहे.

माझ्याकडे पाया म्हणून लागणारा एचच नाही. पाया नाही म्हणून ए नाही, बी नाही. साध्या तपासणीत ए-बी दिसत नाहीत, त्यामुळे अशा माणसाला सगळे ओ समजतात. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं पहिल्यांदा सापडली. त्यांचा लेख 1952 साली 'द लॅन्सेट'मध्ये आला आणि रक्तगटाला शहराचं नाव चिकटलं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकजण असा असावा, असा अंदाज सांगितला जातो. युरोपात तर हा गट फारच विरळा. हा गुण आई आणि वडील दोघांकडून आला तरच दिसतो. नात्यातल्या लग्नांत तशी शक्यता वाढते. माझी आई ही माझ्या बाबांच्या मामाची मुलगी. आमच्याकडे त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

आता खरी अडचण. आपल्या आतड्यांतल्या जिवाणूंच्या अंगावर अशाच साखरा असतात. त्यांच्याशी गाठ पडता पडता लहानपणीच शरीर, जी साखर आपली नाही, तिच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करून ठेवतं. माझ्या शरीराने ए आणि बीबरोबर एचविरुद्धही त्या तयार केल्या. मला ओ गटाचं रक्त चढवलं, तर त्या अँटीबॉडी प्रत्येक पेशीवरच्या लाखो एचना चिकटतील. त्यांच्यामागोमाग रक्तातली दुसरी प्रथिनं येऊन पेशीला भोकं पाडतील. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडेल, मूत्रपिंडं बंद पडतील. जगभर 'कुणालाही चालतं' म्हणून ओळखलं जाणारं रक्त माझ्यासाठी विष आहे. मला फक्त माझ्यासारख्याचंच चालतं. आणि माझ्यासारख्या दुसऱ्याला माझं.

*

यादीत नाव गेल्यावर पहिल्या दीड वर्षात मी तीनदा रक्त दिलं. तिन्ही वेळा बरं वाटलं. दोनदा तर मी फोटोही टाकला.

चौथा फोन एका गुरुवारी रात्री साडेदहाला आला. आमचं रिलीज सुरू होतं. मी सकाळपासून खुर्चीत होतो आणि एक बग सापडत नव्हता. यादी सांभाळणाऱ्या दादांचा आवाज ओळखीचा झाला होता. "सर, पुण्यातच आहात ना? एक पेशंट आहे, ऑपरेशनला घेतलाय. आत्ता जमेल का?" हॉस्पिटल माझ्या घरापासून वीस-बावीस किलोमीटरवर होतं.

मी म्हणालो, "दादा, सर्दी-ताप आहे हो. उद्या बघतो."

मला सर्दी नव्हती. तापही नव्हता. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मलाच नवल वाटलं. ते म्हणाले, "नको नको, आराम करा तुम्ही." माझी काळजी करून त्यांनी फोन ठेवला.

बग रात्री दोनला सापडला. सकाळी अकराला मी त्यांना फोन केला. "दादा, आता बरं वाटतंय, येऊ का?" ते म्हणाले, "नाही सर, आता गरज नाही."

या वाक्याचे दोन अर्थ होतात. कुणीतरी दुसरं मिळालं, हा एक. दुसरा तुम्हाला कळला असेल. कुठला ते मी विचारलं नाही. "बरं" म्हणून फोन ठेवला. आज अडीच वर्षं झाली, अजून विचारलेलं नाही.

*

आजी म्हणायची, "देवानं तुला यासाठीच असा केला बघ." तिच्या म्हणण्यात माया होती. पण मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण त्या साखरेतच आहे.

रेणूंच्या जुळण्यासाठी कुलूप-किल्लीची उपमा फार जुनी आहे. 1894 मध्ये एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती एन्झाइमांसाठी वापरली होती. उपमा सोयीची आहे, पण तिच्यात एक खोट आहे. किल्ली कुणीतरी त्या कुलपासाठी घडवलेली असते. माझ्या अँटीबॉडी कुणाच्या रक्तासाठी घडलेल्या नाहीत. त्या जिवाणूंसाठी घडल्या, आणि माणसाच्या रक्तपेशीवरची साखर योगायोगाने तशीच निघाली. माझं रक्त कुणाला जुळतं यामागे हेतू नाही. आईबाबांचं लग्न, गुणसूत्रांची सोडत, बस्स. ज्यात हेतूच नाही, त्यातून आज्ञा कशी निघेल?

म्हणजे मी मोकळा? असं म्हणायला मन धजत नव्हतं, म्हणून मी वाचायला लागलो.

अमेरिकी तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी 1971 मध्ये गर्भपाताच्या हक्कावर एक निबंध लिहिला. त्यात एक कल्पना आहे. तुम्ही सकाळी उठता, तर एक नामांकित व्हायोलिनवादक तुमच्या शरीराला नळ्यांनी जोडलेला असतो. त्याची मूत्रपिंडं बिघडली आहेत, आणि साऱ्या जगात जुळणारा रक्तगट एकट्या तुमचा आहे. नऊ महिने असंच पडून राहा, नाहीतर तो मरेल. राहणं तुमच्यावर बंधनकारक आहे का? थॉमसन म्हणतात, नाही. राहिलात तर तो तुमचा मोठेपणा. हे वाचून मी सुटकेचा श्वास सोडला. पण त्या पुढे विचारतात, नऊ महिन्यांऐवजी एकच तास लागणार असेल तर? तर तुम्ही थांबायलाच हवं, त्या म्हणतात. तरीही त्या तासावर त्याचा हक्क आहे, असं मात्र म्हणता येणार नाही. नकार दिलात तर त्याच्यावर अन्याय होत नाही, पण तुम्ही निष्ठुर ठरता.

माझा हिशेबही तासाचाच होता. गाडीने जाऊन येऊन फार तर तीन.

दुसरा दाखला कोर्टातला आहे, आणि तो खरा आहे. 1978 मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात रॉबर्ट मॅकफॉल नावाच्या माणसाला एक दुर्धर रक्तविकार झाला. त्याला अस्थिमज्जा हवी होती. मज्जा जुळते की नाही, हेही पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं ठरवतात. चुलत्या-मावसभावंडांच्या नात्यातला डेव्हिड शिंप सुरुवातीच्या तपासणीत जुळला. पुढच्या तपासण्यांना त्याने नकार दिला. मॅकफॉल कोर्टात गेला. न्यायाधीश फ्लाहर्टी यांनी शिंपचा नकार नैतिकदृष्ट्या समर्थनीय नसल्याचं म्हटलं, पण त्याच्या शरीरातून मज्जा काढून घ्यायचा हुकूम द्यायला ठाम नकार दिला. एकाच्या जिवासाठी दुसऱ्याच्या शरीरात सुई खुपसायचा अधिकार राज्याने घेतला, तर तो कुठे थांबेल हे सांगता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर काही दिवसांतच मॅकफॉल गेला.

निकाल मला बरोबर वाटतो. जे ओढून घेता येतं ते दान उरत नाही. पण या दोन्ही दाखल्यांत मला माझं उत्तर सापडलं नाही. माझ्यावर जबरदस्ती कुणी केलीच नव्हती. मला मोडल्यासारखं वाटत होतं ते त्या 'सर्दी'मुळे. जुळणं माझ्या हातात नव्हतं, पण मी जुळतो हे मला माहीत होतं. पंचविसाव्या वर्षाआधीही माझं रक्त हेच होतं, तेव्हाही कुणीतरी त्यासाठी तळमळत असेलच. त्याचा दोष मला कुणी देणार नाही. फरक पडला तो मॅडमनी काचपट्टी दाखवल्यावर आणि मी "हो" म्हटल्यावर. रेणू बांधले जातात, पण बांधील होत नाहीत. बांधील व्हायला माहिती लागते, आणि कुणीतरी आपल्यावर विसंबून आहे हे ठाऊक असावं लागतं. त्या रात्री मी खरं बोललो असतो, "दादा, काम आहे, नाही येत," तर दादांनी कदाचित पुन्हा गळ घातली असती, किंवा माझी वाट न बघता पुढचा नंबर लावला असता. खोटं बोलून मी त्यांची "उद्या" वर बोळवण केली.

*

तरी हे उत्तर अपुरं होतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

ताई गरोदर होती, सांगलीला. आम्हा भावंडांत प्रत्येकाला हा गट असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून मी तिच्यामागे तपासणीसाठी केव्हापासून लागलो होतो. ती टाळत होती. सातव्या महिन्यात तपासणी झाली. तीही बॉम्बे. हिमोग्लोबिन साडेनऊ. डॉक्टरांनी सांगितलं, बाळंतपणात रक्तस्राव झालाच तर धावपळ नको, माणसं आधी बघून ठेवा. दाजींनी मला फोन केला. "तू आहेस म्हणून काळजी नाही."

आणि त्याच आठवड्यात दादांचा फोन आला. नाशिकचा एक मुलगा, अपघात.

पुरुषाने एकदा रक्त दिलं की तीन महिने थांबावं लागतं. मी नाशिकच्या मुलाला दिलं, तर ताईच्या वेळेला मी बाद. तिच्यासाठी आधीच काढून ठेवावं म्हटलं तर पेशी फार तर सहा आठवडे टिकतात, आणि तारीख अजून नऊ आठवड्यांवर होती. साखरेच्या लेखी ताई आणि तो मुलगा सारखेच. माझ्या लेखी नव्हते. या वेळी मी खोटं बोललो नाही. "दादा, बहिणीचं असं असं आहे. मला एक तास द्या," म्हणालो, आणि ताईच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी "तिच्यासाठी थांबा" म्हणावं, असं मला मनातून वाटत होतं.

ते म्हणाले, "सख्ख्या भावाचं रक्त शक्यतो नकोच हो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी समजावलं. रक्ताच्या पिशवीत थोड्या पांढऱ्या पेशीही जातात. परक्याच्या असतील तर रुग्णाचं शरीर त्यांच्या पृष्ठभागावरची प्रथिनं बघून त्यांना ओळखतं आणि संपवून टाकतं. जवळच्या नातेवाइकाच्या असतील तर ती प्रथिनं इतकी सारखी असू शकतात की शरीर त्यांना आपलंच समजतं आणि सोडून देतं. पण त्या पेशींना रुग्ण परका दिसू शकतो, आणि त्या आतूनच हल्ला करतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जिवावर बेततं. आमचे आईबाबा नात्यातले, म्हणजे धोका आणखी. रक्तावर किरणांचा मारा करून द्यायची पद्धत आहे, पण ती सोय सगळीकडे नसते. "दुसरा काही इलाज नसेल तर तुमचं बघू. पण आधी परके शोधा," डॉक्टर म्हणाले.

मी फोन हातात धरून बसून राहिलो. रक्ताचं नातं या शब्दावर आपण काय काय उभं केलंय. आणि इथे माझ्या बहिणीला माझ्यापेक्षा एखादा अनोळखी माणूस जास्त चालणार होता. जुळायला हवं, पण इतकंही नको.

मी दादांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने नाशिकला गेलो. दादांनी ताईसाठी यादीतून दोघांना तयार ठेवलं. एक कोल्हापूरच्या बाई, एक बेळगावचा दुकानदार. मी त्यांना ओळखत नाही. त्यांनी माझ्याकडून काही मागितलं नाही.

माझी चूक मला तेव्हा कळली. मी सगळा वेळ 'एकटा मी आणि एकटा तो' असा प्रश्न मांडत होतो. थॉमसन यांच्या गोष्टीतही साऱ्या जगात एकच माणूस जुळतो. गोष्टीत ते ठीक आहे, तिथे एकटेपण लेखकाने ठरवलेलं असतं. माझं एकटेपण काही अंशी तरी यादीच्या लांबीवर ठरत होतं. आणि यादी लांब करता येते.

माझ्या रक्तातल्या ज्या अँटीबॉडी एचला धरतात, त्यांतल्या बऱ्याचशा आयजीएम जातीच्या. या रेणूला दहा हात असतात. एकेका हाताची पकड कच्ची असते, सारखी सुटते. पण एक सुटला तरी दुसरे धरून असतात, तोवर पहिला पुन्हा धरतो. त्यामुळे अख्खा रेणू सहसा सुटत नाही. ज्यामुळे मला ओ गटाचं रक्त चालत नाही तोच हा रेणू. पण त्याच्याकडून घेण्यासारखं काही असेल तर हेच. मी कच्चा आहे. पुन्हा एखाद्या गुरुवारी मी दमलेला असेन, आणि खोटं बोलणार नाही याची खात्री मला देता येत नाही. मी कधीच चुकणार नाही या भरवशावर कुणाचा जीव टांगलेला असणं, ही माझ्या चारित्र्याची परीक्षा नव्हे, ती व्यवस्थेतली उणीव आहे. मी ज्या धंद्यात आहे तिथे अख्खं काम एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हणतो, त्या सर्व्हरला पापी म्हणत नाही.

म्हणून माझं आजचं उत्तर असं. हो, मी बांधील आहे. शक्य असेल तेव्हा द्यायला, आणि शक्य नसेल तेव्हा खरं सांगायला. पण त्याहून जास्त, मी एकटा उरू नये यासाठी खटपट करायला. या वर्षी मी गावच्या जत्रेला गेलो तेव्हा बाबांच्या आणि आईच्या बाजूच्या तेवीस नातेवाइकांना तपासायला लावलं. सगळ्यांच्या कार्डांवर ओ, ए, बी असं काहीबाही होतं. एक आतेबहीण सापडली, वय एकोणीस. काय ते कळल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "दादा, मला द्यावंच लागेल का?"

"नाही," मी म्हणालो. "तुला नको असेल तेव्हा नाही म्हण. पण फोन उचल, आणि खरं कारण सांग."

तिने नंबर दिला. ताईचं बाळंतपण सुखरूप झालं, रक्ताची पिशवी लागली नाही. कोल्हापूरच्या बाईंना आणि बेळगावच्या दुकानदाराला दाजींनी फोन करून सांगितलं. बाई म्हणाल्या, "गरज नाही लागली ना? चांगलं झालं."

त्या वाक्याला एकच अर्थ होता. दुसऱ्या वाक्याचा अर्थ दादांना विचारायचा अजून राहिला आहे. या महिन्यात रक्त द्यायला जाईन तेव्हा विचारणार आहे.